वेलीची चौदा पानं

काल अकरा पानं राहिली होती. आज मोजली तर चौदा भरली.

तिने चष्मा पुसून पुन्हा मोजली. चौदाच. प्लायवूडवर चिकटवलेल्या कागदावर ताटाएवढी गोल वेल छापलेली होती, आणि तिचं एकेक पान आतून कापून काढायचं होतं. छापील रेघा काळ्याभोर होत्या. ही तीन पानं मात्र पेन्सिलीची होती, थरथरत्या हाताने काढलेली. घरात थरथरता हात एकच होता.

तो हात शेजारच्या चाकांच्या खुर्चीत, नवऱ्याच्या मांडीवर पडला होता. डावा. उजवा अर्धांगाने गेला होता. तोंड तेवढं शाबूत होतं, आणि हातांचं कामही आता तेच करत होतं.

"पात्याचा ताण बघितलास?"

तिने करवतीच्या मशीनचं दोऱ्यासारखं पातं बोटाने छेडलं.

"सैल आहे. सैल पातं भरकटतं. अजून एक पीळ दे."

तिने दिला. करवतीचा छंद त्याचा. तिला साधं बटण लावण्याचाही कंटाळा. पण हात गेल्यावर मशीन नुसतं पडून राहिलं तसं त्याने जेवणही टाकलं, म्हणून एक दिवस तिने आपलं सहज मशीन चालू करून बघितलं. तिथेच फसली. तेव्हापासून रोज तासभर. पानात ड्रिलने भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, पान कापायचं, की पुन्हा पातं सोडवायचं. तासात तीन पानं. आणि वरून सूचना चालूच. "जोर देऊ नकोस. लाकूड पात्याकडे ने, ते आपणहून खातं." "वळणावर थांबू नकोस, जळतं." "श्वास घे गं, युद्धावर नाही चाललीस."

उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं. धाकट्या बहिणीकडे, चार दिवस. दीर सोबतीला येऊन राहणार होते, त्यांची बॅग बाहेरच्या खोलीत येऊन पडलीसुद्धा होती. नवरा नाही म्हणालाच नव्हता. "एवढी वेल होऊ दे, मग खुशाल जा," असं म्हणाला होता. त्याला दहा दिवस झाले. तेव्हा बावीस पानं उरलीत, असं त्यानेच सांगितलं होतं. रोज कापूनही ती संपत नव्हती आणि दोनदा तिकीट पुढे ढकलून झालं होतं. पेन्सिलीची पानं तिने आधीही कापली होती, नक्षीतलीच असतील असं धरून. काल पहिल्यांदा तिने मोजून ठेवली. आज सकाळी अंघोळ करून ती थेट मशीनवर बसली, अकरा उरकायचीच म्हणून.

"ही तीन कोणी काढली?"

"कुठली?"

"ही."

तो खिडकीकडे बघायला लागला. "तिथे मोकळं दिसत होतं. डोळ्याला खुपत होतं."

"कधी काढलीत?"

"तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

नुसतं खोटं बोलला असता तरी तिने सोडून दिलं असतं. तिला डोळ्यांसमोर दिसलं, नळाचा आवाज सुरू झाल्यावर तो खुर्ची ढकलत टेबलापाशी आला असणार, कोपराने लाकूड दाबून धरलं असणार, आणि नळ बंद व्हायच्या आत तीन पानं उरकली असणार. तिला संताप आला. मागोमाग दया आली, आणि त्या दयेचा तिला जास्तच संताप आला. दहा दिवस ती या दयेपोटीच तर राबत होती.

तिने ड्रिल बाजूला ठेवलं. लाकडाची कड पात्याला लावली आणि मशीन सुरू केलं.

"अगं, हे काय करतेस? बाहेरची कड शेवटी कापायची! आतलं सगळं झाल्यावर!" तो खुर्चीतून पुढे झुकला. "धरायला काही उरत नाही मग. बारीक वेल आहे ती, बोटं जातील. पुढे एक पान कापता यायचं नाही!"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

तिने जोर दिला नाही. वळणावर थांबली नाही. वेलीच्या कडेकडेने ती लाकूड फिरवत गेली आणि पातं रेघेवरून तसूभरही ढळलं नाही. इतकं चांगलं तिला आजवर जमलं नव्हतं. ते त्यालाही दिसलं असावं, कारण ओरडता ओरडता तो मध्येच थांबला आणि बघत राहिला.

बाहेरचं लाकूड गळून खाली पडलं. तिने मशीन बंद केलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि वेल त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने अंगठ्याने कड चाचपली. एकही खाच लागली नाही. मग न कापलेल्या पानांवर बोट ठेवलं.

"ही राहिली."

"राहू देत."

दिरांचं बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलणं चाललं होतं. त्याने दाराकडे बघितलं.

"चार दिवस म्हणजे चारच ना?" त्याने विचारलं. त्या आवाजात शिकवणारा माणूस नव्हता. "मला भीती वाटते गं."

चारच, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आत्तापर्यंत तिच्याही मनात ते चारच होते. शब्द आला, पण जरा उशिरा आला, आणि तेवढ्यात त्याने मान खाली घालून डाव्या हाताने तिच्या बाहीवरचा भुसा झटकायला घेतला होता.