सातवी चिठ्ठी

"लई झालं बाबांनो, आता तरी मला मोकळं करा," हे अध्यक्ष सहादेवनानांचं वाक्य ग्रंथपाल छगन अठरा वर्षं ऐकत आला होता. श्रीगोंद्याजवळच्या त्या गावात वाचनालयाचे सभासद दरवर्षी सात संचालक निवडून द्यायचे आणि ते सातजण आपल्यातला एक अध्यक्ष ठरवायला बसायचे. नाना हे वाक्य बोलायचे, बाकीचे सहाजण "न्हाई न्हाई, नाना, तुमीच!" म्हणायचे, की छगन कंटाळत चहा सांगायला उठायचा.

एकाहत्तर साली मात्र नाना बोलून थांबले आणि बराच वेळ कुणीच काही म्हणेना. छगन अर्धा उठलेला परत खाली बसला. शेवटी एक संचालक चाचरत म्हणाला, "व्हय, नानांना तरी किती राबवायचं? औंदा गोरक्ष गुरुजींना बघू."

"तेच तर म्हणत हुतो मी," नाना हसत म्हणाले.

अध्यक्ष बदलायचा तर वाचनालयाच्या घटनेत गुप्त मतदान लिहिलेलं होतं, म्हणून छगननं खडूच्या रिकाम्या खोक्यात सातही जणांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि मोठ्यानं वाचायला घेतल्या. सहा चिठ्ठ्यांवर गोरक्ष निघाला. दर नावाला नाना मान डोलवत होते.

सातवीवर 'सहादेव' लिहिलेलं होतं. वाचनालयाच्या वहीतल्या अध्यक्षांच्या शेऱ्यांत अठरा वर्षं रोज वाचलेलं ते अक्षराचं वळण छगननं लगेच ओळखलं.



"एक मत बाद," चिठ्ठी चुरगाळत तो म्हणाला, "अक्षर लागत नाही."