शेताची जागा

स्वरांगीला, म्हणजे माझ्या लेकीला, शाळेत हडप्पा संस्कृतीतल्या नगराचं मॉडेल द्यायचं होतं. थर्माकोलवर रस्ते झाले, धान्याचं कोठार झालं, पण शेतात चिकटवायला तुसासकट धान्य हवं होतं. सीवूड्सच्या मॉलमध्ये सगळं सोललेलं नि पॉलिश केलेलं! आता मार्क कापले जाणार, या टेन्शनमध्ये मी होते, तेवढ्यात सासऱ्यांनी देव्हाऱ्याखालचा डबा बाहेर काढला.

त्या डब्यात त्यांच्या तळवलीच्या शेतातलं भाताचं बियाणं असतं. आठ वर्षांपूर्वी जमिनीचा शेवटचा तुकडाही रस्त्यात गेला, तेव्हा मूठभर राखून ठेवलेलं. दर उन्हाळ्यात ते स्वतः गॅलरीत वाळवतात, मला हातसुद्धा लावू देत नाहीत.

"बाबा, हे नको हो! मी वाशीहून आणते काहीतरी," मी घाईघाईने म्हणाले. "एकदा गोंद लागला की पुन्हा पेरता नाही येणार."

त्यांनी अख्खा डबा स्वरांगीच्या ओंजळीत रिकामा केला.

"लाव गो बाय, सगलं लाव. तुज्या या शहरात तरी शेताला जागा हाय."