हलीमाची साद

कच्छच्या खाडीत हलीमा कंबरभर पाण्यात उभी होती. यंदाच्या दुष्काळात वाळवंट पार करपलं होतं. चारा उरला होता तो पलीकडच्या बेटावरच्या तिवरांच्या झाडांचा. तिथवर उंट पोहत जात, पण मालकाच्या हाकेमागेच. आणि मालक, तिचा नवरा, मागच्याच महिन्यात वारला होता.

"भाभी, बाईच्या हाकेला कळप पाण्यात उतरत नसतो," काठावरून तिचा दीर सुमार म्हणाला. "उंट माझ्या हवाली करा."

तिने आवाज जाड करून नवऱ्यासारखी आरोळी ठोकली. उंटांनी माना उंचावल्या, त्याला शोधत इकडेतिकडे पाहिलं आणि जागचे हलले नाहीत. दीर हसला.

हलीमाने डोळे पुसले. मग पिल्लांना मीठ चाटवायला बोलवायची, तशी आपल्याच आवाजात लाडाची साद घातली. कळपातला एकूण एक उंट तिच्या तळव्यावरचं मीठ चाटूनच मोठा झाला होता. म्हातारी सांडणी छातीभर पाण्यात शिरली आणि तिच्यामागे अख्खा कळप धबाधब उतरला.

दीर तोंडाचा आ करून बघतच राहिला.

"सुमारभाई," पोहता पोहता हलीमा ओरडली, "शेवटच्या उंटाची शेपटी धरा, नाहीतर मागे राहाल!"