फुली मारलेला मासा

१९९३ साली केसरीनाथने काल्हेरच्या गोदामातून परदेशी रसायनाचे रिकामे पिंप घरी आणले आणि बहिणीच्या हळदीला मासळीच्या जेवणासाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी घासून ठेवले. पिंपावर त्रिकोणात एक मासा होता आणि त्याच्यावर ठळक फुली. आतला माल समुद्रातल्या जिवांना घातक आहे, हे निरक्षरालाही कळावे, म्हणून जहाजवाहतुकीच्या जागतिक तज्ज्ञांनी ती खूण मोठ्या विचाराने ठरवली होती. केसरीनाथला तो कंपनीचा छाप वाटला. त्याने पाण्याची नळी आत सोडली, एवढ्यात आई अंगणात आली आणि चित्र पाहताच कडाडली:



"केसऱ्या, आत्ताच्या आत्ता परत टाकून ये ते! आपल्या हलदीत मासं न्हाय, असं पाव्हन्यांना दारातच सांगतोस काय?"