पाऊण मिनिट

"मशीन बंद करायची नाही," श्रीकांत म्हणाला. "बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं."

आयसीयूतल्या साऱ्या खाटांचे अलार्म त्या एका मशीनवरून वाजत. सोमवारी पाटनचे एक मास्तर तिथे दगावले आणि तेव्हा ड्यूटीवर होती श्रीकांतची धाकटी बहीण हर्षा. अलार्म वाजत होता आणि ही झोपली होती, असा ठपका ठेवून तिला घरी बसवलं होतं. पोलिसांत जायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

दवाखान्याचे कॉम्प्युटर श्रीकांतच बघायचा. डॉ. विनता चौकशीला आल्या तेव्हा तो केव्हाचा मशीनपुढे बसलेला होता.

"बहीण आहे तुमची," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर तपासणी तुमच्यासमोर करतो, मॅडम. फक्त तोवर प्रत्येक खाटेजवळ एकेक सिस्टर उभी राहू द्या."

त्याची ही काळजी मॅडमना आवडली.

चालू मशीनच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, त्याने प्रोग्रामचा एक छोटा तुकडा खोचला. कुठला इशारा आत किती वेळ अडकतो, ते आता पडद्यावर दिसणार होतं. सिस्टर बेबीने एका पेशंटच्या बोटाची नाडी मोजणारी क्लिप मुद्दाम काढली. सगळे कान टवकारून उभे राहिले. अलार्म वाजला, पण पाऊण मिनिटाने. पडद्यावरही तेच उमटलं: इशारा वेळेवर आला, गाभ्यात थांबला, मग बाहेर पडला.

मशीन सांभाळणारा गुणवंत पांढराफटक पडला. "मॅडम, मी दर हप्त्याला चेक करतो. कधीच लेट नाही झाली, कसम से!"

त्या बिचाऱ्याचं कोण ऐकतं? त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. श्रीकांतने मशीन बंद करून पुन्हा चालू केली. क्लिप काढली की अलार्म आता लगेच वाजू लागला.

संध्याकाळी चेरीतालच्या घरी हर्षा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

"दादा, खरं सांगू? मला वाटून राहिलं होतं, माझाच डोळा लागला. झोपेत अलार्म ऐकल्यासारखं वाटे."

"काहून असं बोलून राहिली? मशीनच अडकून राहिली होती. चल, जेव."

श्रीकांतने मात्र आपलं ताट बाजूला सारलं. गुणवंतचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सकाळी विनतामॅडम यायच्या आधीच त्याने गाभ्यात आणखी एक तुकडा खोचून ठेवला होता. तो काही मोजत नव्हता. येणारा प्रत्येक इशारा तो पाऊण मिनिट अडवून धरत होता.