गाण्यापाशी अडकलेली सीडी

गाणं सुरू व्हायचं आणि सीडी तिथेच अडकायची. पडद्यावर बायको, लग्नाआधीची, गाण्यासाठी तोंड उघडून उभी. समोर नाटकाचा नायक, तिच्याकडे हात पुढे केलेला. एवढ्यात चित्र थिजायचं, त्याचे चौकोन चौकोन व्हायचे आणि ड्राइव्ह नुसता खरखरत राहायचा.

"बघतो," म्हणत खटपट्या टेबलाखाली शिरला. गल्लीने ठेवलेलं हे नाव त्याला मुळीच खटकत नसे. हा कॉम्प्युटर त्याने सुटे भाग आणून स्वतः जोडला होता आणि त्याच्याविरुद्ध एक शब्द तो खपवून घेत नसे. साडूचा तयार घेतलेला कॉम्प्युटर बंद पडला की आठवडाभर त्याला जेवण गोड लागायचं. कुणाची सीडी चालली नाही तर दोष सीडीचा, नाहीतर ती हाताळणाऱ्याच्या अकलेचा. सीडी पुसायची ती मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ. गोल पुसली की मेलीच म्हणून समजा, हे त्याने आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की बायकोही ते झोपेत म्हणू शकली असती.

त्याने कॅबिनेटची बाजू उघडली. केबल काढून पुन्हा बसवली, पंख्यावरची धूळ फुंकली, घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट केला. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. साप कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बायको मागे खुर्चीत वाट बघत बसली होती. तिच्या ऑफिसातल्या त्या जुन्या नाटकाची ही एवढी एकच प्रत उरली होती. नायकाचं काम करणारा गृहस्थ नुकताच वारला. कपाट आवरताना त्याच्या बायकोला ही सीडी सापडली, आणि तुमचं गाणं आहे, तुमच्याकडेच असू द्या, असा निरोप देऊन तिने ती पाठवून दिली. तिकडे त्या बाईला काही वाटलं नाही. इकडे खटपट्याचा जळफळाट झाला.

काल बायको बहिणीकडे गेली होती, तेव्हा त्याने सीडी एकट्याने लावून पाहिली. नाटक यथातथाच होतं. पण गाण्यात ती त्या माणसाकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर एवढ्या संसारात आपल्या वाट्याला एकदाही आली नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नव्हती. शेवटी सीडीवर बोटाचा डाग पडलाय असं स्वतःला सांगून त्याने ती बाहेर काढली, टेबल पुसायचं खरखरीत फडकं घेतलं आणि अंगठा दाबून पुसायला लागला. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गाणं साधारण मध्यावर येतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हात मध्यावरच फिरत राहिला, गोल गोल.

"अहो, जरा पुढे नेऊन बघा ना," बायको म्हणाली.

त्याने पुढे नेलं. गाणं संपल्यानंतरच्या टाळ्या मात्र अगदी स्वच्छ ऐकू आल्या.

मग तिने सुचवलं, बहिणीकडे नेऊन लावू या, त्यांच्याकडे लागेल कदाचित. एरवी साडूच्या कॉम्प्युटरचं नाव काढलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तो टेबलाखालूनच पडेल आवाजात म्हणाला, "नको. आपल्याच मशिनमध्ये खोट आहे. जोडताना माझंच काहीतरी चुकलं असेल."

खुर्ची करकरायची थांबली. त्याने मान वळवून पाहिलं, तर बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. हे वाक्य तिने या घरात पहिल्यांदाच ऐकलं होतं. आपण नको ते बोलून गेलो हे खटपट्याच्या लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता.

ती उठली. बटण दाबून तिने सीडी बाहेर काढली, त्यानेच शिकवलं होतं तशी कडांना धरली, आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात तिरपी केली. मध्यावर एकात एक वळी उमटली होती, घासलेल्या पातेल्याच्या बुडाला दिसतात तशी.

"गोल पुसलीत," ती म्हणाली.

डाग होता, हे उत्तर त्याने कालच तयार करून ठेवलं होतं. ते न देता तो तोच घट्ट स्क्रू पुन्हा पिळायला लागला. ती रागावली नाही, रडलीही नाही. सीडी पाकिटात घालून तिने टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, भांड्यांचा आवाज आला. त्याला जरा हायसं वाटलं.

मग नळ बंद झाला आणि ती गायला लागली. सीडी जिथे अडकत होती, बरोबर तिथून. आवाज आता जाड झाला होता, पण सूर पक्का होता. आपली ओळ म्हणून ती थांबली. विसरली असेल, असं खटपट्याला वाटलं. पण ती विसरली नव्हती. नायकाच्या ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढीच ती गप्प राहिली आणि मग आपली पुढची ओळ तिने ठेक्यावर अचूक उचलली. पुन्हा गायली, पुन्हा त्याच्या ओळीपुरती थांबली.

खटपट्या उघड्या कॅबिनेटसमोर स्क्रू ड्रायव्हर धरून बसून राहिला. ती मधली ओळ कालपासून त्यालाही तोंडपाठ होती.