उंटरावाची शेवटची गोष्ट

टीव्हीवरच्या उंटरावाच्या कार्टूनसाठी कुमुदिनी फणसे कित्येक वर्षं गोष्टी लिहीत होती, निवेदनही तिचंच असे. आता तिला त्याचा वीट आला होता. तुकोगंजच्या स्टुडिओत तिने शेवटच्या भागाचं शेवटचं वाक्य वाचलं, "उंटराव घरी गेला आणि गोष्ट संपली."

रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यापुढे तिच्याच आवाजात एक शब्द जास्तीचा होता. "नाही."

"मानस, मस्करी पुरे!" ती साउंड रेकॉर्डिस्टवर खेकसली.

"कसम से मॅडम, मी काही नाही केलं. आवाज तर तुमचाच आहे ना!"

तिने पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. शेवटी तिने हेडफोन आपटला. "मशीनच बिघडलंय तुझं. थांब, मी आत बसतच नाही."

ती बाहेर येऊन मानसशेजारी बसली, तोंड घट्ट मिटून. काचेपलीकडे माइकसमोरची खुर्ची रिकामी होती.

मानसने रेकॉर्डिंग सुरू केलं. स्क्रीनवरची सरळ रेघ थरथरू लागली.

स्पीकरमधून तिचाच आवाज आला, खास मुलांसाठी राखलेला, मायेचा. "बाळांनो, ती गेली बरं का बाहेर. आता ऐका पुढची गोष्ट."